पॉईंट उतरत गेले तेव्हा

त्याची वही दोनशे पानी होती. शाळेत गणिताला लावतात तशी, वरून खाकी कव्हर घातलेली. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना अशा चार वेळच्या साखरा, आणि प्रत्येकीपुढं इन्सुलिनचे पॉईंट. आमच्या सांगोल्याकडं युनिटला सगळे पॉईंटच म्हणतात, आता मीही म्हणते. मुलगा तेवीस वर्षांचा. बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हापासून दिवसाला चार सुया. वही मात्र एक दिवसही चुकली नव्हती.

जूनच्या पानावर दिवसाचे ४६ पॉईंट होते. ऑगस्टमध्ये ३८. दिवाळीच्या सुमाराला २४. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ वरून ६.६ वर आली होती. त्याची आई पदराखालून डाळिंबाची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "मॅडम, आषाढीपासनं मी ह्याच्यासाठी एकादशी धरलीया. शुगर सुटत आली म्हणायची का?"

टाइप १ सुटत नसतो, हे मी तिला सांगितलं. पण तेही हसून सांगितलं. केसपेपरवर 'कंट्रोल उत्तम' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मुलगा मात्र गप्प होता. वजन चार किलो उतरलं होतं. "बागेत काम लई झालं," तो म्हणाला. थकवा येतो, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही. मी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. टाइप १ असलेल्या मुलांत थायरॉईड बिघडणं नेहमीचं, त्यामुळं तो विचार चुकीचा नव्हता. त्यातला टीएसएच ९, म्हणजे वाढलेला आला. थकव्याचं कारण हाती लागलं असं वाटून मी थायरॉक्सिनची छोटी गोळी सुरू केली. पहाटे साखर डाऊन होते असं तो म्हणाला, तेव्हा रात्रीचे आणखी दोन पॉईंट कमी केले.

मला त्या उतरत्या आकड्यांचा एवढा आनंद का झाला, हे कळायला त्याआधीची एक बाई सांगायला हवी.

त्या मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. डाळिंबाच्या पॅकिंगला जायच्या. नऊ वर्षांचा मधुमेह, पहिली सात वर्षं गोळ्यांवर नीट चाललेली. मग साखर चढायला लागली. इन्सुलिन सुरू केलं, वीस पॉईंट. मग चाळीस. मग साठ. दर महिन्याला त्या यायच्या, मी पथ्याचं बोलायचे, त्या शपथ घेऊन सांगायच्या की बाई, भाकरीचा तुकडा मोजून खाते, आणि मी मनातून विश्वास ठेवायचे नाही. याची मला आजही लाज वाटते. इन्सुलिन ८४ पॉईंटवर गेलं, तरी उपाशीपोटीची साखर १६० आणि दुपारच्या जेवणानंतरची ३८०.

त्या दिवशी आमच्या सिस्टरनं रक्त घेतलं, कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. पाच मिनिटांनी पट्टी काढायला गेली तर कातडी पट्टीबरोबरच निघून आली, भिजलेला कागद सोलावा तशी. रक्त थेंबाथेंबानं वर आलं. सिस्टर घाबरून माझ्याकडं घेऊन आली. मी पहिल्यांदा मावशींकडं नीट बघितलं. चेहरा गोल, गाल लाल, मानेमागं चरबीचा उंचवटा, पोट पुढं आलेलं, आणि हातपाय मात्र काटकुळे. हातावर जागोजागी काळेनिळे डाग. खाली बसायला सांगितलं तर उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून, टेबलाचा आधार घेऊन उठल्या. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे. कुशिंगचं चित्र होतं, अंगात कॉर्टिसोल हे संप्रेरक उतू गेल्याचं, पुस्तकात असतं तसं. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननं १९१२ मध्ये अशी पहिली रुग्ण नोंदवली होती. माझ्या समोर दर महिन्याला येऊन बसणारी ही बाई मी दोन वर्षं बघितलीच नव्हती.

"मावशी, दुसरं काही औषध घेता?" नाही. "कुठली गोळी?" नाही बाई. मग मी विचारलं, "गुडघ्याला काय करता?"

"पुडी घेते की. बाजाराच्या दिवशी फटफटीवर येतो त्यो देतो. जडीबुटीची हाय. लई गुण आला बघा, आधी मला बसता येत न्हवतं."

पुडी त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती. त्यांनी कंबरेच्या पिशवीतून एक काढून दाखवली. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात बांधलेली मातकट पावडर. रोज सकाळी चहाबरोबर एक, तीन वर्षं.

सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासलं. आलं जवळपास शून्य. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलांना हा रिपोर्ट दाखवला की ती गोंधळतात: अंगावर कॉर्टिसोल उतू चाललेलं दिसतंय आणि रक्तात नाहीच? पण उत्तर त्यातच आहे. पुडीतलं स्टेरॉइड कॉर्टिसोलचंच काम करतं, पण डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी स्टेरॉइडं कॉर्टिसोलच्या तपासणीत सहसा दिसत नाहीत. आणि बाहेरून एवढा माल रोज येतोय म्हटल्यावर मूत्रपिंडांवर बसलेल्या त्यांच्या स्वतःच्या दोन ग्रंथी, कॉर्टिसोल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी, काम बंद करून झोपल्या होत्या.

इथं जरा थांबून ही ग्रंथी इन्सुलिनच्या आड कशी येते ते सांगते, कारण पेशंटना मी ते रोज सांगते. आपलं यकृत म्हणजे घरातली कणगी. इन्सुलिन जेवणानंतरची साखर कणगीत भरतं, झाकण लावतं, आणि स्नायूंची दारं उघडून त्यांनाही खायला घालतं. कॉर्टिसोलचा विचार वेगळा. त्याला उद्याच्या उपासाची काळजी. ते स्नायूंना म्हणतं, तुम्ही कमी खा, मेंदूसाठी राहू द्या. स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृताकडं पाठवतं आणि यकृत त्यातून नवी साखर घडवतं. चरबी सुटून रक्तात फिरते, तिच्यामुळं इन्सुलिनची हाक आणखी कमी ऐकू जाते. स्वादुपिंडालाही ते थोडं दाबून धरतं. निरोगी माणसात हे पहाटेपुरतं चालतं: मध्यरात्री कॉर्टिसोल सगळ्यात कमी, उठायच्या सुमाराला सगळ्यात जास्त. मावशींच्या अंगात तीन वर्षं चोवीस तास पहाट होती. म्हणून ८४ पॉईंट पुरत नव्हते, म्हणून मांड्यांचे स्नायू विरघळून त्यांची साखर झाली होती, आणि भाकरीबद्दल त्या खरंच सांगत होत्या.

पुडी एका दिवसात बंद करता येत नाही. झोपलेल्या ग्रंथी जाग्या व्हायला महिने लागतात, आणि तोवर अंगात कॉर्टिसोल अजिबात नाही अशी अवस्था आली तर माणूस उलट्या होऊन, रक्तदाब पडून दगावू शकतो. मी मोजलेल्या प्रेडनिसोलोनवर त्यांना आणलं आणि ते चिमटीचिमटीनं कमी करत गेले. तसतसे पॉईंटही उतरले. ८४, ६०, ४२, २६. आठव्या महिन्यात इन्सुलिन सुटलं, परत गोळ्यांवर आल्या. गुडघे दुखत होते, ते मी नाकारत नाही. पुडीवाल्याकडं बायका का जातात हे त्या दुखण्यात बसल्याशिवाय कळणार नाही. पण त्या महिन्यांत माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: पॉईंट उतरले की माणूस बरा होतोय.

२०२१ च्या कोविडच्या लाटेनं ती आणखी घट्ट केली. तेव्हा डेक्सामेथासोननं जीव वाचवले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाला दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, असं प्रमाण होतं. पण आमच्याकडं लोक चिठ्ठी झेरॉक्स करून घरातल्या चौघांना तेच द्यायचे, ऑक्सिजन उत्तम असतानाही, तीन तीन आठवडे. ज्यांना कधी मधुमेह नव्हता त्यांच्या साखरा ४०० वर गेल्या आणि कुणी मोजल्याच नाहीत. मग काळी बुरशी आली. त्या उन्हाळ्यात मी एका गोष्टीवरून सगळ्यांशी भांडले: सकाळची उपाशी साखर बघून निर्धास्त होऊ नका. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड, विशेषतः प्रेडनिसोलोन, दुपार ते रात्र साखर चढवतं आणि उजाडेपर्यंत ओसरतं. दम्याच्या, सांध्यांच्या पेशंटचंही तेच. साखर मोजायची पट्टी लावायची तर दुपारच्या जेवणानंतर किंवा संध्याकाळी लावा. चढत्या साखरेमागं कोण आहे हे ओळखायला मी अशी शिकले. उतरत्या साखरेमागंही कुणी असू शकतं, हे पुस्तकात वाचलं होतं, एमडीच्या परीक्षेत लिहिलंही होतं.

त्या मुलाला थायरॉक्सिन सुरू करून दोन आठवडे झाले असतील. पहाटे पावणेपाचला फोन आला. आई फक्त "उठंना, उठंना" एवढंच म्हणत होती. पट्टीवर ३४. गालाच्या आत साखर चोळायला सांगून मी दवाखाना उघडला. डाळिंबाच्या क्रेटच्या पिकअपमध्ये मागं झोपवून आणलं त्याला. ग्लुकोज शिरेतून गेलं, पाच मिनिटांत साखर १४०.

साखर वर आली, पण पोरगा वर आला नाही. डोळे उघडले, नाव सांगितलं, आणि मान परत खाली. हात थंड. रक्तदाब वरचा ७०, खालचा लागेना. साखर डाऊन झालेला मुलगा ग्लुकोज दिल्यावर उठून बसतो, कधी लाजतो, कधी आईवर चिडतो. असा पडून राहत नाही. दुसरी सुई लावायला मी त्याचा डावा तळहात उघडला आणि दिव्याखाली धरला.

तळहाताच्या रेघा काळ्या होत्या. शाईनं गिरवल्यासारख्या. बोटांच्या पेरांवर काळपट डाग. ओठ उचलून बघितलं तर हिरड्यांवर निळसर काळे ठिपके. महिनाभर आई म्हणत होती, उन्हानं काळवंडलाय, आणि बागेत राबणारा पोरगा म्हणून मीही मान डोलावली होती. उन्हानं तळहाताच्या रेघा काळ्या होत नाहीत. हिरड्यांवर ऊन पडत नाही.

"मीठ जास्त खातो का?" मी विचारलं.

"लोणच्याचा खार वाटीत घिऊन पितो मॅडम. मी रागावते."

कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवलं, पण रिपोर्टची वाट बघितली नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सलाईन धारेनं. साडेसहाला रक्तदाब ९० झाला. दहा वाजता तो स्वतः उठून बसला आणि चहा मागितला. आई भिंतीला टेकून रडली. मी आतल्या खोलीत गेले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: कॉर्टिसोल १.४, सोडियम १२२, पोटॅशियम ५.९. अधिवृक्क ग्रंथी संपल्या होत्या.

लंडनच्या थॉमस ॲडिसननं १८५५ मध्ये हाच आजार लिहून ठेवलाय: कमालीची अशक्तता, क्षीण नाडी, काळवंडत जाणारी कातडी. त्याच्या काळात क्षयरोग हे मोठं कारण होतं आणि आपल्याकडं आजही ते विसरून चालत नाही. म्हणून सोलापूरला पाठवून सीटी केला. क्षयात या ग्रंथी बहुधा सुजून मोठ्या दिसतात. याच्या सुकून बारीक झाल्या होत्या. शरीराच्याच ज्या वाट चुकलेल्या संरक्षक फौजेनं बाराव्या वर्षी त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, तिनंच आता या ग्रंथी मारल्या होत्या. थायरॉईडकडंही तिचा मोर्चा वळला असावा.

मग सगळा पावसाळा मला मागं वाचता आला. कॉर्टिसोल आटत गेलं तसं इन्सुलिनला अडवणारं कुणी राहिलं नाही. स्नायूंची दारं सताड उघडी. यकृताची कणगी रात्री रिकामी व्हायची आणि नवी साखर घडवणारं कुणी नव्हतं, म्हणून पहाटे तीन-चारलाच तो खाली जायचा. ४६ पॉईंट त्याला जड झाले, मग ३८, मग ३०. वहीतला प्रत्येक आकडा खरा होता आणि मी तो उलटा वाचला. १९३६ मध्ये अमेरिकेत लाँग आणि लुकेन्स यांनी स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथीही काढल्या, तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला होता. मधुमेह सौम्य झाला, मांजरं निरोगी झाली नव्हती. मला एमडीच्या दुसऱ्या वर्षी हे शिकवलं होतं.

आणि थायरॉक्सिन. कॉर्टिसोल कमी असताना टीएसएच थोडा वाढलेला येतो, आणि तशा अंगाला थायरॉक्सिन दिलं की उरलंसुरलं कॉर्टिसोलही लवकर खर्ची पडतं. आधी कॉर्टिसोल बघायचं, मग थायरॉईडची गोळी, हा क्रम आहे. मी तो पाळला नाही. तिसऱ्या दिवशी त्या माउलीला समोर बसवून मी हे सांगितलं. ताई, ती गोळी मी घाईनं दिली, त्यानं हे लवकर आलं. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आता काय द्यायचं ते बघून द्या." त्यापेक्षा तिनं मला बोल लावला असता तर सोसायला सोपं गेलं असतं.

खरं अवघड काम त्यानंतर सुरू झालं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या: उठल्या उठल्या १० मिलिग्रॅम, दुपारी ५, साडेचारला ५. शिवाय मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी. दोन्ही आमच्या गावात सहज मिळत नाहीत, एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती सोलापूरहून मागवाव्या लागतात, म्हणून महिन्याच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवायच्या. गोळ्या सुरू झाल्या आणि पॉईंट चढायला लागले. ३०, ३४, ४०. आई हादरली. "मॅडम, परत वाढली की हो शुगर! आजार उलटला का?" पाच महिने जे उतरताना पाहून तिनं एकादशा केल्या, ते चढताना बघून तिला धीर कसा यावा? मी वही तिच्यापुढं ठेवली, वजनाचा आकडा दाखवला, चार किलो परत आले होते. तिनं पोराच्या तोंडाकडं बघितलं. तिला आकड्यांपेक्षा ते तोंड समजलं असणार.

निरोगी शरीरात कॉर्टिसोल लाटेसारखं चढतं उतरतं, गोळीचं तसं नसतं. सकाळची गोळी गिळली की तासाभरात साखर उसळते, म्हणून त्याला न्याहारीचे पॉईंट जास्त लागतात. रात्री मात्र गोळीचा अंमल संपलेला असतो, पहाटेपर्यंत अंगात काहीच नाही. तिथं रात्रीचं इन्सुलिन एक पॉईंट जरी जास्त गेलं तरी तीन वाजता तो खाली. हे आम्हाला सहा आठवडे लागले जुळवायला, आणि त्यातलं निम्मं त्यानंच त्याच्या रकान्यांतून शोधलं. एका रकान्याची भर त्यानं स्वतः घातली: 'गोळीची वेळ'.

या ग्रंथींचे इतरही आजार साखरेशी खेळतात. फिओक्रोमोसायटोमाच्या गाठीतून ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं सुटतात, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडूच देत नाहीत. शिकत असताना अशी एक बाई पाहिली होती. गाठ काढली त्याच रात्री तिची साखर एकदम खाली गेली, कारण अडवलेलं इन्सुलिन मोकळं झालं. अल्डोस्टेरॉन वाढलं तर पोटॅशियम घटतं आणि इन्सुलिनचा स्राव मंदावतो. हे क्वचित दिसतं. पुडी मात्र आठवड्याला एक तरी दिसते, आणि गोरं होण्याचं म्हणून तोंडाला वर्षानुवर्षं चोळलेलं स्टेरॉइडचं मलमही.

आता माझ्याकडं इन्सुलिनवरचा पेशंट आला आणि पॉईंट कारणाशिवाय बदललेले दिसले, वर असोत की खाली, तर मी पेन खाली ठेवते. तळहात बघते. झोपवून आणि उभं करून रक्तदाब घेते. खाली बसून उठायला सांगते. गुडघ्याला काय करता विचारते. यात सहा-सात मिनिटं जातात आणि बाहेर बाकावर लोक खोळंबतात. जाऊ देत.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. ताप १०१.

"गोळी दुप्पट केलीय मॅडम. साखर २६०. पॉईंट कसे घेऊ?"

"उलटी झाली का?"

"नाही. गोळी पोटात आहे."

"उभं राहिल्यावर चक्कर?"

"नाही."

उलटी झाली असती तर गोळीचा उपयोग नव्हता, थेट इंजेक्शनच. ते त्याच्या आईलाही मांडीत द्यायला शिकवून ठेवलंय, घरातच डब्यात असतं.

"जेवणाआधीचे चार वाढव. रात्रीचे आहेत तेवढेच ठेव. आणि तीन वाजता उठून एकदा पट्टी लाव."

"तीनचा गजर लावलाय," तो म्हणाला. "आईनं पण लावलाय."